एका ओळीतले आकडे

जुन्या गाड्यांच्या तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईने फॉर्म भरायचा सोडून कान टवकारले. तिच्यापुढे स्पोर्ट्स कारचा तरुण मालक आणि म्हातारा मेकॅनिक यांची जुंपली होती.

“काका, इंजिन मूळचंच आहे. त्याच्यावर ठोकलेला नंबर कागदाशी जुळतो.”

“जुळणारच. पण कारखान्यात आकडे हाताने ठोकायचे, वाकडेतिकडे. तुझे बघ, कसे एका ओळीत आहेत!”

“बाबा तर छातीठोकपणे सांगायचे.”

“मूळचं इंजिन त्यांनीच जाळलं, पाणी न घालता गाडी दामटून.”

“मग हे आकडे?”

“मी ठोकले, पट्टी लावून. तुझे बाबा म्हणाले, बायकोला कळता कामा नये. गाडी तिच्या वडिलांची ना!”

“आईनेच तुम्हाला आणायला सांगितलं, काका. म्हणाली, इतके सरळ आकडे काकाच ठोकतात.”