एका रक्ताचे तीन वाटे

सिडकोतल्या रक्तपेढीत रक्त देऊन बद्रीनाथ बाकावर चहा पीत बसला होता. शेजारी वैजापूरची साळूबाई हातातली पिशवी घाबरून न्याहाळत होती. पलीकडे लेकीला घेऊन बसलेल्या सगीराला तिनं विचारलं,

"ताई, सुनंला डेंग्यू झालाय, वरच्या वॉर्डात हाय. रक्त मागितलं, तर हे पिवळं पाणीच दिलं की!"

"पाणी नाय मावशी, रक्तातलंच हाय. मशीनमध्ये गरगर फिरवतात, मग लाल खाली बसतं, हे वर राहतं. ह्यात प्लेटलेट असतात, डेंग्यूत त्याच कमी होतात; तुमच्या सुनंला एवढंच लागतं."

"अन् लाल टाकून देतात?"

"तौबा! लाल माझ्या ह्या लेकीला, राहतला. तिच्या अंगात रक्त टिकत नाय, दर महिन्याला चढवावं लागतं. अन् प्लेटलेट काढून उरलेलं नुसतं पिवळं पाणी भाजलेल्या माणसाला."

"एकाच माणसाचं?"

"एकाच. पिशवी हळूहळू हलवा अन् उजेडात बघा."

"अगं बया! आत धुकं फिरतंय, चमकतंय बी!"

"जिवंत हाय ते. असं चमकलं की चांगलं असतं."

साळूबाई पिशवी तान्ह्या लेकरासारखी हलवत उठली.

"दादा, तेवढं दार उघडता? माझे हात गुंतलेत."

बद्रीनाथनं दार उघडलं. ती जिना चढून दिसेनाशी झाली, तरी त्यानं ते धरूनच ठेवलं.