मामाजींनी सांगितलेला इतिहास

“तिले सांगू नोको वं, तिचा बाप तेथंच परांचीवरून पडला होता,” मामाजी, म्हणजे माझे सासरे, चुलीपाशी सासूबाईंना हळूच म्हणाले. मी दाराआड तांदूळ निवडत होते. बाबा पटकीनं गेले, असंच मला माहेरी लहानपणापासून सांगितलेलं. मामाजी तेव्हा विद्यापीठाच्या इमारतीच्या बांधकामावर मुकादम होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवनीवाड्याहून निघालो. यांना त्याच इमारतीत पदवी मिळायची होती. तुम्हाला सांगते, वाटेत त्या इमारतीचं वय वाढतच गेलं. गोंदियाला गाडीत बसताना मामाजी म्हणाले, “बहुत जुनी बिल्डिंग होय, बाई. शंभर वर्साची.” पुढच्या स्टेशनावर ती भोसल्यांची झाली. सासूबाईंनी डबा उघडता उघडता भर घातली, “मंग काय! गोंड राजाच्या वक्ताची होय थे.” हे खिडकीबाहेर बघत बसले.

पोचलो तर इमारतीचे दगड अजून कोरे दिसत होते. सगळे वर मनोऱ्याकडे बघत होते. मामाजी तेवढे डावीकडच्या कोपऱ्यात खाली जमिनीकडे बघत होते. मी तिकडे वळले, तशी त्यांनी घाईनं वाट अडवली.

“इकडून ये, बाई. तिकडं ऊन हाय.”

तिकडं सावली होती.

डोक्यावरचा पदर सावरून मी पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोलले, “मामाजी, बाबा जेथं पडले, तेथं मले थोडा वेळ बसू द्या.”