दादाच्या फोनातली चिप

माझा फोन चार दिवसांपासून बंद काऊन, विचारता ना? मग ऐका गड्यांनो!

दादा देवाघरी गेला, त्याच आठवड्यात त्याचा फोनही बंद पडला. तलावावर मासे धरताना डोंग्यात, आमच्या लहान नावेत, बसून तो गाणी म्हणायचा, ती सगळी त्यातच भरलेली. मी तडक सावली गावच्या बाजारात गेलो. दुरुस्तीवाले बंडूभाऊ म्हणाले, "पॉवरची चिप गेली. बाजारात मिळतच नाई."

"काऊन?"

"कच्चा मालच कमी पडून राह्यला. ज्या चिपवाल्या कंपनीजवळ माल आहे, तिची चांदी. बाकीच्यांच्या मशिनी बंद."

"तलावात मासे घटले, तर आमची चांदी कधी झाली नाई, भाऊ!"

दादाने स्वतःला अन् मला सारखेच फोन घेतले होते. मी माझा बंडूभाऊंपुढे टाकला. "यातली काढा!"

"मग तुहा फोन मरन ना बे!"

"मरू द्या!"

तासाभरात दादाचा फोन सुरू झाला! मी पहिलंच गाणं लावलं. गाण्याआधी दादा माझ्यावर ओरडला, "लहान्या, तुहा फोन बंद कर आधी! मी गाऊन राह्यलो ना!"

मी हसलो, रडलो आणि म्हणालो, "केला ना, दादा!"