वीतभर पाइप

(शहादा. दोंडाईचा रस्त्यावरचं अन्वरचं गॅरेज. सकाळचे साडेनऊ. एक जुनी फियाट नुकतीच दारात येऊन थांबली आहे; आत म्हातारे नवलबापू. त्यांची बायको धनुबाई आधीच पायी येऊन दाराशी उभी आहे.)

अन्वर : चावी काढा, नवलबापू. आधी चावी काढा, मग बोलू.

नवल : अरे, गाडी जरा आत तर घेऊ दे.

अन्वर : आत नको! शेजारी वेल्डिंग चालू आहे. जिथं आहे तिथंच बंद करा. ओ भिलाभाऊ! पाच मिनिटं थांबवा ते! ...हां. आता उतरा, बापू. आणि मागे वळून रस्त्याकडे बघा.

नवल : काय बघू?

अन्वर : ती ओली रेघ. वळणापासून थेट इथपर्यंत. पाणी नाही ते, पेट्रोल आहे.

नवल : थोडं गळत असेल. जुनी गाडी आहे.

अन्वर : थोडं? माय तुमच्या पुढे पायी आली इथं. घामाघूम. मला वाटलं गाडी बंद पडली म्हणून चालत आली. आणि बघतो तर मागून तुम्ही बैलगाडीच्या चालीने येताय.

नवल : तिलाच विचार. लोणखेड्याच्या फाट्यावर उतरली आणि चालायला लागली. भर रस्त्यात! लोक बघत होते. बस म्हटलं तर बसेना. मग काय करू? मागे मागे आलो.

धनुबाई : मी सांगं व्हतं, गाडी उभी करा. तीनदाव सांगं. तुम्ही ऐकं नई. मंग मी उतरनू.

नवल : कोरीटला जायचं होतं हिला. बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तिला भेटायला. हिनंच घाई लावली, आणि हिनंच—

धनुबाई : जीव ऱ्हाई तं बहीणले भेटसू ना.

अन्वर : माय, तुम्ही त्या बाकावर बसा. तिथं, लांब. सावली आहे. बापू, बॉनेट उघडतो. या, पण काही हात लावू नका. हे बघा. पंपापासून कार्ब्युरेटरला जाणारा हा पाइप. वीतभर आहे फक्त. दिसतंय, कुठून ठिबकतंय?

नवल : हं. क्लिपजवळ.

अन्वर : आणि त्याच्या खाली काय आहे?

नवल : मॅनिफोल्ड.

अन्वर : इंजिनाचा गरम धूर त्यातून जातो, तव्यासारखा तापतो तो. हे पेट्रोल त्याच्या बाजूला पडत होतं. चार बोटं अलीकडे पडलं असतं, तर तुम्ही इथपर्यंत आला नसता. मी साधं सांगतोय, घाबरवत नाही.

नवल : अन्वर, एक विचारू? हा पाइप कोणी टाकला?

अन्वर : मी.

नवल : कधी?

अन्वर : गेल्याच्या मागच्या दिवाळीला.

नवल : म्हणजे दीड वर्षही नाही झालं. त्याच्या आधीचा पाइप किती चालला माहीत आहे? बारा वर्षं. तुझ्या अब्बांनी टाकला होता. मी अख्ख्या गावाला सांगत फिरतो, अन्वरचा हात लागला की गाडीकडे बघायला नको. आणि तू असला माल टाकलास?

अन्वर : काढतो पाइप. आधी टाकीकडून येणारं पेट्रोल बंद करू द्या... हां. आता हा हातात घ्या. दाबा.

नवल : मऊ लागतोय.

अन्वर : भाजलेलं वांगं लागतं तसा. नवीन होता तेव्हा कडक होता. आता वाकवा.

नवल : ...फाटला की रे.

अन्वर : आत बोट घाला. काळं काळं साल निघतंय ना? तेच कार्ब्युरेटरात जातं. गाडी चढावर गचके देत होती का?

नवल : प्रकाशा गावच्या पुलावर देत होती. महिना झाला. मला वाटलं, प्लग गेले.

अन्वर : प्लग ठीक आहेत. पेट्रोल बदललंय, बापू. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. उसाच्या मळीचं, मक्याचं. नव्या गाड्यांचं रबर त्याला पुरतं. या गाडीचं रबर साध्या पेट्रोलसाठी होतं. इथेनॉल ते फुगवतं, मऊ करतं, मग ते तडकतं. आणि हवेतलं पाणी ओढतं ते वेगळंच. महिनोन्महिने गाडी उभी राहिली तर टाकीत तळाला पाणी बसतं, गंज धरतो.

नवल : उसाचं? म्हणजे माझ्या शेतात ऊस पिकतो आणि तोच माझी गाडी खातो?

धनुबाई : ऊसले कसाले नावं ठेवतस? त्यानं काय करं!

नवल : तू गप बस गं. अन्वर, हे सगळं तुला आज कळलं का? तेव्हा माहीत नव्हतं?

अन्वर : तेव्हा नव्हतं माहीत. खरं सांगतो. मला वाटलं, रबर म्हणजे रबर. दुकानातून मीटरने आणलेला साधा पाइप होता, तो लावला. पुढं पावसाळ्यात सारंगखेड्याच्या एका माणसाची जुनी जीप आली. तोच पाइप, माझ्याच हातचा, अकरा महिन्यांत असा झालेला. तेव्हा मी सुरतेला एका ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, मियाँ, वेगळा पाइप येतो, आतून वेगळ्या रबराचा. त्यावर आर नाईन छापलेलं असतं. तो मागवला. तेव्हापासून तोच लावतो.

नवल : पावसाळ्यात कळलं तुला. आता फाल्गुन चालू आहे.

अन्वर : हो.

नवल : मग मला फोन का नाही केलास?

अन्वर : जुन्या पेट्रोल गाड्या पाच होत्या माझ्याकडे. चौघांना बोलावलं, बदलून दिलं.

नवल : आणि मी?

अन्वर : तुम्हाला नाही केला.

नवल : का?

अन्वर : तुम्ही आत्ताच सांगितलं ना, गावाला काय सांगत फिरता ते. दर शुक्रवारी बाजारात कोणीतरी भेटायचं, म्हणायचं, नवलबापूंनी पाठवलं, तुमच्यासारखा मिस्त्री नाही. मला लाज वाटली, बापू. आज करू, उद्या करू. मनात म्हणायचो, बापू गाडी कमी चालवतात, टिकेल. आणि एवढं ठिबकायला लागलं तर वास येईल, वास आला की येतीलच. त्या वासाच्या भरवशावर मी बसलो. आठ महिने. चूक माझी आहे. पाइप चुकीचा लावला ती एक, आणि गप्प बसलो ती मोठी. शिव्या द्या. मी ऐकतो.

नवल : शिव्या देऊन काय होणार.

अन्वर : पण मला एक कळत नाही. हे आज फुटलेलं नाही. ही क्लिप बघा, किती डाग धरलाय. पंधरा-वीस दिवस ठिबकतंय. पेट्रोलचा वास गाडीत कोंदला असणार. मग तुम्ही इथं का नाही आलात?

नवल : आला नाही वास.

अन्वर : बापू, मी दारातून बाहेर आलो तेव्हा मला पन्नास फुटांवर आला.

नवल : शेतात फवारणी चालू आहे. नाकात तेच बसलेलं असतं.

धनुबाई : पंधरा दिन व्हई गयात मी सांगी ऱ्हायनू. एकदाव बोलनात, ट्रॅक्टरनं डिझेल शे. एकदाव बोलनात, तुनी साडीले रॉकेल लागनं. घरमा रॉकेल शेच कोठे आते?

अन्वर : बापू, जरा इकडे बघा. हे दोन बोळे. एक पेट्रोलमध्ये बुडवलेला, एक पाण्यात. डोळे मिटा. हुंगा, आणि पेट्रोलचा कोणता ते सांगा.

नवल : हा काय पोरखेळ लावलास?

अन्वर : हुंगा तर.

नवल : ...हा. उजवा.

अन्वर : पाणी आहे त्यात.

नवल : मग डावा. चुकून बोललो.

धनुबाई : ऱ्हाऊ द्या, अन्वरभाऊ. माले माहीत शे.

नवल : काय माहीत आहे तुला?

धनुबाई : कोरोनामा तुम्हना वास गया, तो परत उनाच नई.

नवल : आला होता. भाग्येशला मी सांगितलं होतं, आला म्हणून.

धनुबाई : पोरगाले सांगं. मी घरमा ऱ्हास. आखाजीना सणले चूलवर डाळ जळीसन कोळसा व्हयनी, तुम्ही तठेच बठीसन पेपर वाची ऱ्हायंतात. सगळं घर धूरनं भरी गयं, तवय तुम्ही मान वर करी. डोळा झोंबनात म्हणीसन, वास उना म्हणीसन नई.

नवल : चार वर्षं झाली त्याला. तू कधी बोलली नाहीस.

धनुबाई : तुम्हले वाईट वाटी म्हणीसन.

अन्वर : बापू, मग लपवलंत कशाला? त्यात लाजण्यासारखं काय आहे?

नवल : भाग्येश दर सुट्टीला तोच विषय काढतो. बाबा, वय झालं, गाडी द्या सोडून. डोळे तपासून आणले त्यानं माझे. कान तपासले. सगळं ठीक निघालं. मग तोंड बंद झालं त्याचं. आता नाक नाही म्हटलं असतं, तर चावी गेली असती. एकोणऐंशी साली धुळ्याच्या डॉक्टरांकडून घेतली ही गाडी. पाटबंधारे खात्यात होतो तेव्हा अर्धा जिल्हा फिरलो हिच्यातून. नोकरी संपली, भाऊ गेला, शेत वाट्याने दिलं. चावी तेवढी राहिलीये माझ्याकडे.

अन्वर : पण माय तर बरोबर असते ना तुमच्या. गेली दोन-तीन वर्षं बघतो, जिथं गाडी तिथं माय. आधी तर कधी दिसायची नाही गाडीत.

नवल : हो. म्हातारपणी हौस आली फिरायची. पूर्वी बस बस म्हटलं तरी बसायची नाही, मळमळायचं तिला.

धनुबाई : आते बी मळमळस.

नवल : मग येतेस कशाला?

धनुबाई : तुम्हले वास येत नई म्हणीसन.

नवल : ...म्हणजे?

धनुबाई : गाडीमा काही जळनं, काही गळनं, तं तुम्हले कसं समजी? एक जण तं पाहिजे ना नाकवाला. मी लिंबू हातमा धरीसन बठस. तुम्ही बैल पाव्हाले गयात, मी संगे उनू. बँकमा गयात, मी उनू. पंधरा दिन माले वास ई ऱ्हायंता, मी सांगी ऱ्हायंतू. आज तं डोळामा पाणी उनं वासनं. मंग मी काय करू? मी उतरनू, म्हणं, मी उतरनू तं हाई माणूस एकटा पुढे जाव्हाव नई, मन्हा मांगे ई.

अन्वर : मांगे आले.

नवल : ...पाणी आहे का रे, अन्वर?

अन्वर : माठात आहे. बसा तिथं, मायच्या शेजारी. भिलाभाऊंना वेल्डिंग दुपारपर्यंत बंदच ठेवायला सांगतो आणि कामाला लागतो. आज फक्त हा तुकडा बदलून चालणार नाही. टाकीजवळचा रबरी जोड बदलतो, पंपाच्या आतला पडदाही रबराचाच आहे, तो बदलतो. क्लिपा नव्या. टाकी रिकामी करून तळ बघतो. मधली लोखंडी नळी ठीक वाटतेय, पण फुंकून बघतो. दोन-तीन तास लागतील. कोरीट दुपारी गाठाल.

नवल : घाई नाही.

धनुबाई : बहीणले फोन करी देस मी. आम्ही जेवाले येतस म्हणीसन.

नवल : आधी माझा फोन दे. भाग्येशला लावतो.

धनुबाई : आते? ऱ्हाऊ द्या. मी सांगसू त्याले, संध्याकाळले.

नवल : तू नको. मीच सांगतो. ...हॅलो, भाग्येश? कामात आहेस का? नाही, सगळं ठीक आहे. दोघं ठीक आहोत. ऐक. मला वास येत नाही. ...वास, वास. नाकाचा. कोरोनापासून. हो, तेव्हा खोटं बोललो. ...गाडीचं पेट्रोल गळत होतं, तुझ्या आईला कळलं, मला कळलं नाही. ...नाही, आग नाही लागली. अन्वरकडे आहे गाडी. ...बोल, बोल, ऐकतोय मी. ...हो. ...हो, बरोबर आहे तुझं. ...एकटा नाही चालवणार. शब्द देतो. तुझी आई बसली तरच. आणि ती उतर म्हणाली की उतरणार. ...दे शिव्या, पण आता ठेव, तुझी मीटिंग असेल.

अन्वर : काय म्हणाले?

नवल : पुढच्या शनिवारी येतो म्हणाला. चावीचं बोलला नाही. रडला बहुतेक.

धनुबाई : रडनाच व्हई. बापनागत शे, बाहेर कडक.

अन्वर : बापू, हा नवा पाइप बघून घ्या लावण्याआधी. इथं छापलेलं वाचा. यापुढं कोणीही लावला तरी हे अक्षर बघितल्याशिवाय लावू द्यायचा नाही. मी लावला तरी.

नवल : आर नाईन. वाचलं. आणि अन्वर...

अन्वर : बोला.

नवल : बाजारात कोणी विचारलं तर मी अजूनही तुझंच नाव सांगणार. पण जुन्या गाडीवाल्याला हेही सांगणार, की याला पाइपचं विचारून घे.

अन्वर : सांगा. सांगायलाच पाहिजे.

धनुबाई : अन्वरभाऊ, चहा मांगाडू का मी? तो समोरना टपरीवाला वळखना शे.

अन्वर : चहा मी मागवतो, माय. गॅरेजात आलेल्या पाहुण्यानं चहा पाजायचा नसतो. पण त्यालाही रस्त्याच्या पलीकडेच उभा ठेवू. त्याचा स्टोव्ह इकडे नको.

नवल : तुला रोज मळमळत होतं?

धनुबाई : रोज कोठे? वळण उनं का.

नवल : तोरणमाळला गेलो होतो मागच्या वर्षी. त्या घाटात किती वळणं आहेत.

धनुबाई : मोजात मी. पुरी नई व्हयनात, डोळा मिटी लिन्हात.

अन्वर : झालं, बापू. बारा वाजून गेले, माफ करा. टाकीत चार बोटं गंजाचा गाळ होता, धुऊन काढला. थोडंच नवं पेट्रोल घातलंय. लागेल तेवढंच भरत जा, उभ्या गाडीत साठवू नका. आता चालू करा. मी खाली बघतो... रेस द्या. अजून. बंद करा. कोरडं आहे सगळं. माय, तुम्ही या एकदा. बॉनेटजवळ. वास?

धनुबाई : नई. काहीच नई. तेलना थोडा, गरम लोखंडना.

अन्वर : तेवढा येणारच. जा आता. पंधरा दिवसांनी परत आणा, मी क्लिपा ताणून बघणार. या वेळी मीच फोन करीन.

नवल : बस गं. काच पूर्ण खाली कर. मळमळलं तर सांग, थांबू. कुठेही थांबू.

धनुबाई : सांगसू.

नवल : आता... आता बाहेर कसला वास येतोय?

धनुबाई : कोणी तरी ऊसनं पाचट जाळी ऱ्हायना. गोड गोड धूर शे.

नवल : आणखी?

धनुबाई : समोर दखा, गाडी चालवा. वाटमा सांगत जासू.