हातानं लिहिलेलं ‘तात्काळ’

—न्हाई वो मावशी, तहसीलदार हरामखोर न्हाई. म्हंजी आसंल, पर तुमच्या टँकरपायी न्हाई. द्या तो कागद हिकडं. लेटरहेड हाय, शिक्का हाय, आमदारसाहेबाची सही हाय. मग टँकर कावून आला न्हाई? बसा, सांगतो. खाली कावून बसता, खुर्चीवर बसा. साहेब येत न्हाईत एवढ्यात, आज चार लग्नं आन् एक दहावा हाय. आन् पीए सुग्रीवभाऊबी त्येंच्याच गाडीत. मी? मी बिभीषण, दिंद्रुडचा. एम.ए. झालो राज्यशास्त्रात, म्हनून सहा महिन्याच्या प्रशिक्षनाला हितं धाडलं. बघा, हापिसात सुग्रीव हाय, बिभीषण हाय — राम तेवढा न्हाई. हसा की! चार महिन्यांत मी पैल्यांदाच कुनाला हितं हसताना बघतोय.

तर कागद. साहेब कुनालाच न्हाई म्हनत न्हाईत. जो येईल त्याला पत्र. मी टाइप करायचं, साहेबानं सही करायची — मानूस खूश, चहा पिऊन जातंय. पर ज्याचं काम खरंच करायचंय ना, त्याच्या पत्रावर साहेब सहीखाली हातानं एक शब्द लिवतात — ‘तात्काळ’. बास. तहसीलचा कारकून आदी तेवढंच बघतो. शब्द आसला तर टँकर, नसला तर गठ्ठ्यात. तुमची वस्ती कुठल्या गठ्ठ्यात हाय ते... जाऊ द्या. मतं तिकडं टाकली ना तुमी? माझ्याजवळ कावून लपवता, मीबी तिकडंच टाकलंय. हे भाईर बोलू नका बरं.

मला हे कुनी सांगितलं न्हवतं ना! पैल्या आठवड्यात साहेब सह्या करून मुंबईला गेलते. मी टँकरच्या पत्रांचा गठ्ठा बघतो तर एका पत्रावर ‘तात्काळ’, बाकी एक्केचाळीसावर काहीच न्हाई. मला वाटलं, साहेब घाईत इसरले! शिकलेलं मानूस मी — बसलो आन् एक्केचाळीस पत्रांवर झ्याक गोल अक्षरात ‘तात्काळ’ लिवून टाकलं. तहसीलात म्हने कारकून बोलला, साहेबाचं अक्षर लई सुधारलं. आन् मावशी, एक्केचाळीस गावात पानी गेलं! धरण उशाला आन् कोरड घशाला असलेल्या गावांत, ज्यांनी साहेबाला पाडायला कोंबडं कापलं त्येंच्याबी दारात. पुढच्या सोमवारी हलगी वाजवत हार घेऊन आले सगळे. साहेब हार घालून घेतायत, फोटोला हसतायत, आन् मदीच माझ्याकडं असं बघतायत जसं बैल कसायाकडं. पानी तर लोकांनी पिऊन टाकलेलं, माघारी कसं घेनार?

मारलं न्हाई मला. दार लावून येवढंच म्हनले, ‘बिभीषण, कारखान्यात लागायचंय ना? मग पेनाला हात लावू नगंस.’ साखर कारखाना वो — सहकारी! सहकारी म्हंजी साहेब आन् त्येंचा मेव्हना, दोघांचा सहकार. शेतकी खात्यात चिकटवतो म्हनलेत. माझ्या बापानं तर नोकरी लागली म्हनूनच सांगून टाकलंय पोरीकडच्यांना, सुपारी फुटली. आता तहसीलात गोल अक्षर दिसलं की लगेच सुग्रीवभाऊला फोन येतो.

अशी बघू नका माझ्याकडं. हो, मीच टाइप केली तुमची चारी पत्रं. शब्द न्हाई हे म्हाईत असून हसत हसत दिली. तुमी दर बारीला म्हनायच्या, ‘लेकरा, तुझं भलं होईल’ — आन् दोन कोस चालत जायच्या. आज गेल्या असत्या तर गेल्या असत्या, पर तुमी माझ्या घागरीतनं गलासभर पानी मागितलं आन् अर्धंच पिऊन उरलेलं पुन्हा घागरीत वतायला लागल्या. लाज वाटली मला. लई लाज वाटली.

पर मी लिवनार न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई. पाया नका पडू, उटा! सही येती का तुमाला? बचत गटाच्या अध्यक्ष म्हनल्यावर येतच आसंल. हितं करून दावा, या रद्दीवर. पा-रू-बा... आयला! ही वाकडी रेघ, हा मोडका काना — मावशी, साहेबबी अगदी असंच लिवतात! सातवीतनं पळालेलं मानूस ते. हा घ्या पेन. मी हात लावला न्हाई, तुमीच उचलला. हे बघा, भिंतीवर लावलेल्या जुन्या पत्रावर साहेबाच्या हातचा नमुना, ‘तात्काळ’. ह्येच्याकडं बघत बघत सहीखाली काढा. हळू. घाई न्हाई.

गाडी आली वाटतं. तुमी लिवा, वर बघू नका. त्या ‘ळ’ला अजून एक येटोळं — बास, सोडा पेन!

ओ बाई! कितींदा सांगायचं तुमाला? साहेबांना येळ न्हाई! टँकर काय माझ्या खिशात हाय का? सोमवारी या! उटा, चला — पदराखाली धरा वो, पदराखाली — निघा म्हनलं ना!