पाणघोडा बघायची सहल

आमची एक सहल नुसती बोलण्यातच कशी झाली, ते सांगतो. त्या दुष्काळात आमची म्हैस चारा छावणीत होती. गावात दूधच न्हाई म्हटल्यावर दूध संस्थेचा टेम्पो नुसताच उभा असायचा. त्याचा ड्रायव्हर लहू माझा दोस्त. छावणीत चहा पिता पिता म्हणाला, "चल बे, प्राणिसंग्रहालयं बघून येऊ. आधी औरंगाबादचा वाघ, मग सोलापूरच्या मगरी, तिथून सरळ हैदराबाद. तिथं पाणघोडा हाय."

"तू बघितलाय?"

"मागं भाडं घेऊन गेलतो तवा. दिवसभर पाण्यात बसतोय. नुसत्या नाकपुड्या वर. लई खोल, हिरवंगार पाणी."

नुसतं ऐकूनच मला तर गळ्यापर्यंत गार वाटायला लागलं.

माझी बायको रुक्मिण म्हशीला चारा टाकत होती. तिनं विचारलं, "दिवसभर पाण्यात?"

"दिवसभर, वैनी. तुमी पण चला."

"मला नका नेऊ. हिला न्या. हिवाळ्यापासून डुंबली न्हाई."

लहू उठून टेम्पोकडं गेला. अंघोळीसाठी त्यानं टेम्पोत एक कॅन पाणी राखून ठेवलं होतं. ते आणलं आणि म्हशीच्या पाठीवर हळूहळू ओतलं. तिनं मान खाली घातली, डोळे मिटले. पाठ वाळेपर्यंत आमी तिघं तिच्याकडंच बघत राहिलो.

मग रुक्मिण पदराला हात पुसत आमच्याजवळ येऊन बसली.

"हां, भावजी," ती म्हणाली, "आता सांगा. हैदराबादला आजून काय काय हाय?"