विहिरीवरची पाटी

नाई नाई मॅडम, थ्या पाटीचा फोटो कायले? विहिरीचा काढा न, ओट्याचा काढा. तुम्ही नागपूरहून आमचा जुना मोहल्ला पाहाले आल्या, तर लिहा — दोन वर्सांमागं इथं मानूस फिरकत नव्हता, समदे हायवेकडं प्लॉट घेऊन गेलेले, विहिरीत नुसता कचरा. आता पाहा, संध्याकाळी बाया ओट्यावर बसतेत, चार घरं त वापस आली. गाळ कोनं काढला? आमीच — म्हंजे मोहल्ल्यानं — म्हंजे खाली उतरले थे दादाराव, बुद्ध विहाराजवळ राहतेत, नगरपालिकेतून रिटायर झालेले. मले म्हने, "गुरुजी, माही माय या विहिरीवर लांब उभी राहे, कोनी वरून पानी टाकलं त घे. आता मी आत उतरतो." साठीचा मानूस, पंधरा दिवस कमरेले दोर बांधून उतरला!

हो, पाटीवर त्यायचं नाव नाई, बराबर पाह्यलं तुम्ही. पेंटर विसरला. उद्घाटनाच्या दिवशी त्यायच्या शोभाबाईनं बोट ठेवून समदी नावं वाचली, वरून खाली, खालून वर. "गुरुजी, यायचं कुठं हाय?" मी म्हनलो, पेंटर विसरला. दादाराव म्हने, "असू द्या, विहीर त साफ झाली न."

आता पेंटर काय विसरते मॅडम — जशी यादी देल्ली, तशी त्यानं लिवली. यादी समितीची. समितीनं नाव काढा म्हनलं? नाई. समितीचे अध्यक्ष भाऊराव फक्त एवढं बोलले, "नावं पाहून घेजा गुरुजी." बस. ना भांडन, ना धमकी. मीच घरी बसून पेनानं काटलं. पस्तीस वर्सं शाळेत पोट्ट्याईले समता शिकवली, अन् — पहिलं नाव होतं त्यायचं. तिथं आता माहं हाय.

परवा गेल्तो त्यायच्या घरी, माफी मागाले. शोभाबाईनं खुर्ची देल्ली, चहा देल्ला. चहा पेलो, संत्र्याच्या बहाराचं बोललो, अन् उठून आलो. तुमाले कसं सांगून राहिलो — तुम्ही आज हाय, उद्या नाई, म्हून —

थांबा. थे येऊन राहिले. बोलू नका काही, हात जोडतो.

या दादाराव, या, बसा. काही नाई, विहिरीचंच सांगून राहिल्तो. — जा मॅडम तुम्ही, नागपूरची गाडी निघून जाईन.